खरपूस की करपट? धुरकट सिंगल बॅरल बर्बन कशी चाखावी, कशी पारखावी

लेबलावर ‘धुरकट’ वाचून घेतलेली बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की, पहिल्या दिवशी बहुतेकांना नुसती गोड लागते. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराचा वास असलेल्या स्कॉचची सवय असलेला माणूस ग्लासात नाक घालतो आणि औषधी, ओल्या राखेसारखा वास शोधतो. हाती लागतो व्हॅनिला आणि गुळाचा पाक. मग फसवलं गेल्यासारखं वाटतं. धूर असतो, पण बर्बनमध्ये तो उशिरा येतो आणि गोडव्याच्या आडून येतो. तो कुठे आणि कधी शोधायचा हे कळलं की पुढचा प्रश्न एकच उरतो: हा धूर खरपूस आहे की करपट? स्वयंपाकघरात हा फरक आपण रोज करतो. तोच ग्लासापर्यंत न्यायचा आहे.

धूर येतो कुठून

स्कॉचमध्ये धूर धान्यातून येतो. मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात आणि त्याचा धूर दाण्याला चिकटतो. बर्बनच्या धान्याला सहसा धूर लागतच नाही. अपवाद आहेत, ब्रुकलिनची किंग्ज काउंटी डिस्टिलरी धूर दिलेली बार्ली घालून पीटेड बर्बन काढते. पण बाकीच्या बाटल्यांत जो धूर जाणवतो तो पिंपाचा.

अमेरिकी कायद्याने बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ताकद ६२.५ टक्क्यांच्या वर नको, आणि पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं हवं. वरून रंग किंवा स्वाद घालायला बंदी आहे. ती केंटकीतच बनली पाहिजे असं मात्र नाही, अमेरिकेत कुठेही चालते.

पिंप जाळतात म्हणजे आतून थेट ज्वाला देतात. सगळ्यात जास्त वापरातल्या पातळ्यांपैकी नंबर ४ ला साधारण ५५ सेकंद आग मिळते. लाकूड आतून तडकतं, मगरीच्या पाठीसारखे खवले येतात, म्हणून त्याला ‘ॲलिगेटर चार’ म्हणतात. वाइल्ड टर्की ही बर्बन कंपनी हीच पातळी वापरते. या आगीत लाकडातलं लिग्निन तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन, ग्वायकॉल, युजेनॉल अशी द्रव्यं मोकळी होतात. व्हॅनिलिन म्हणजे व्हॅनिलाचा वास, युजेनॉल म्हणजे लवंगेचा, आणि ग्वायकॉल म्हणजे आपला धूर. त्याच आगीत लाकडातल्या साखरा करपून कॅरॅमल होतात. धूर आणि गोडवा एकाच ज्वाळेची भावंडं आहेत, म्हणून बर्बनमध्ये ती एकमेकांना सोडत नाहीत.

एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, त्यामुळे अशी पिंपं जगभर जातात. स्कॉटलंडला जातात, तशी गोव्यातही येतात: कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल मॉल्ट बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. ती प्यायली असेल तर बर्बनचा व्हॅनिलाचा अर्धा भाग तुमच्या ओळखीचा आहे.

बाटली उघडण्याआधी लेबल

सिंगल बॅरल म्हणजे बाटलीतलं सगळं एकाच पिंपातून आलेलं, दुसऱ्या पिंपाशी मिसळून चव सारखी न केलेलं. पिंप साधारण २०० लिटरचं असतं. बरीच वर्षं मुरताना त्यातलं पुष्कळ उडून जातं, काही लाकडात जिरतं, आणि शेवटी दीडशे ते दोनशे बाटल्या निघतात. म्हणून पिंपाचा नंबर ही सगळ्यात कामाची माहिती. ब्लँटन्स ही बर्बन १९८४ मध्ये केंटकीतले डिस्टिलर एल्मर टी. ली यांनी बाजारात आणली, ती या प्रकारातली पहिली. तिच्या लेबलावर पिंप रिकामं केल्याची तारीख, पिंपाचा नंबर आणि गोदामाचं अक्षर असतं. सगळे इतकं छापत नाहीत. जे असेल त्याचा फोटो काढून ठेवा.

मजला लिहिला असेल तर तोही पाहा. केंटकीतल्या उंच गोदामांत वरचे मजले उन्हाळ्यात तापतात. तिथे लाकूड जास्त उतरतं आणि अल्कोहोलचं प्रमाण वाढत जातं. खालच्या मजल्यावरचं पिंप सावकाश मुरतं. फोर रोझेस या बर्बन कंपनीने गोदामं मुद्दाम एकमजली ठेवली आहेत, म्हणजे हा फरक कमी पडतो. वरच्या मजल्यावरच्या जुन्या पिंपात धूर जास्त मिळण्याची शक्यता असते. करपट निघण्याचीही तितकीच.

आता प्रूफ. इथे आपली माणसं हमखास गडबडतात, कारण भारतीय बाटलीवर ‘७५ डिग्री प्रूफ’ वाचायची सवय असते. ती जुनी ब्रिटिश मोजणी, जिच्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. म्हणून आपले ७५ डिग्री म्हणजे ४२.८ टक्के. अमेरिकी प्रूफ सरळ टक्क्यांच्या दुप्पट: १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के, १२० म्हणजे ६०. सिंगल बॅरल बर्बन बऱ्याचदा ५० ते ६० टक्क्यांच्या घरात असते. प्रूफचा आकडा विसरा आणि टक्केच वाचा.

भारतात बर्बनवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आलं. तरी बाटली महागच पडते, म्हणून चौघांनी मिळून घेणं शहाणपणाचं. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘स्टोअर पिक’चं स्टिकर शोधावं: दुकानदाराने स्वतः चाखून निवडलेलं पिंप. दुकानदाराला धुराची आवड आहे का हे काउंटरवर विचारायला संकोच करू नका. आणि महाराष्ट्रात असाल तर परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं.

आदल्या दिवशीची तयारी: सहा वाट्या

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर ‘मला काहीच कळलं नाही’ म्हणतात. नाक आधीच तयार असतं, अडतं ते शब्दाशी. झाकण असलेल्या सहा छोट्या वाट्या घ्या.

एकीत दोन लवंगा ठेचून. एकीत तव्यावर वितळवून काळसर होईपर्यंत जाऊ दिलेला गूळ. एकीत निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा काळा पडलेला तुकडा. एकीत विझलेल्या काडेपेटीच्या चार काड्या. एकीत व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब टाकलेला कापूस. शेवटच्या वाटीत सुपारीचं एक खांड, हे वासासाठी नाही, चघळण्यासाठी. तोंडाला जो तुरट कोरडेपणा येतो तो लक्षात ठेवा, पिंपातलं टॅनिन अगदी तसंच लागतं.

वाट्या झाकून अर्धा तास ठेवा आणि डोळे मिटून एकेक ओळखा. कणीस आणि काड्या यांतला फरक तीनदा सलग सांगता आला की पुरे. कणसाच्या धुरात गोडी असते. काडीचा धूर कोरडा, नाकात बोचणारा आणि गंधकाची छटा असलेला. बर्बनमध्ये आपल्याला पहिला हवा आहे.

ग्लास, खोली, माप

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर छोटा वाइन ग्लास. व्हिस्कीचा म्हणून विकला जाणारा रुंद, जाड बुडाचा ग्लास बर्फासाठी ठीक, वासासाठी निरुपयोगी. कटिंग चहाचा ग्लास तर नेमका उलटा असतो, खाली अरुंद आणि वर पसरट.

ग्लास रिकामा असताना हुंगा. साबणाचा, कपाटातल्या मसाल्याचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर गरम पाण्याने धुऊन हवेत वाळवा. फडक्याने पुसलात की फडक्याचा वास चिकटतो.

खोलीत उदबत्ती, डास पळवणारी कॉइल, अत्तर, शेजारच्या ओट्यावरची फोडणी यांपैकी काही नको. कॉइलचा धूर विशेष घातक आहे, कारण अर्ध्या तासात नाकाला तो जाणवेनासा होतो आणि त्याबरोबर ग्लासातलाही. जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्या. पान, तंबाखू, पुदिन्याची टूथपेस्ट, चहा काही नको. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला.

एका ग्लासात १५ मिली, जास्त नाही. औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या ५ मिलीच्या दोन सिरिंज आणा, एक दारूला आणि एक पाण्याला. खोकल्याच्या औषधाच्या टोपीवर खुणा असतात खऱ्या, पण त्या औषधाचा वास जन्मभर जात नाही. एका बैठकीत तीनच ग्लास. ६० टक्क्यांची १५ मिली तीनदा म्हणजे नेहमीच्या ६० मिलीच्या एका पेगपेक्षा थोडी जास्तच होते. थुंकायला एक मोठा मग जवळ ठेवा. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच, त्यात कमीपणा नाही.

मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल तर अल्कोहोलची वाफ सगळं झाकून टाकते. बर्फ घालू नका, थंडीत वास दबतो. वाडग्यात माठातलं पाणी घेऊन ग्लासाचं बूड पाच मिनिटं त्यात ठेवा.

नाक: तीन फेऱ्या

ग्लास ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. जितकी वर्षं मुरली तितकी मिनिटं थांबावं असा एक संकेत सांगतात. ऐकायला गोड आहे, पण नवशिक्याला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. तोवर रंग पाहा. वरून रंग घालायला बंदी असल्यामुळे बर्बनचा गडदपणा पिंपाचा आणि ताकदीचाच असतो. पण गडद म्हणजे धुरकट असं समीकरण मांडू नका, ते टिकत नाही.

पहिल्या फेरीत ग्लास हनुवटीशी, तोंड किंचित उघडं, श्वास नेहमीसारखा. इथे फक्त हलके वास येतील: व्हॅनिला, फळं, कधी नेलपॉलिशसारखा एक टोकदार वास. तो थोडा असेल तर दोष नाही.

दुसऱ्या फेरीत ग्लास वरच्या ओठाशी. दोन छोटे हुंगे, मग ग्लास खाली. एक लांब श्वास ओढलात तर ६० टक्क्यांची वाफ नाकात झोंबते आणि पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. असं झालंच तर स्वतःच्या कोपराच्या आतली त्वचा हुंगा. तो वास नाकाच्या सवयीचा असतो, त्याने नाक जागेवर येतं.

तिसऱ्या फेरीत ग्लास आडवा धरा आणि काठाच्या वरच्या व खालच्या बाजूला आळीपाळीने हुंगा. जड वास खालच्या काठाशी सापडतात: चामडं, तंबाखूची पानं, लवंग, काळा गूळ. धूर असेल तर इथे त्याची पहिली चाहूल लागते, बहुधा लवंगेच्या मागे. नाही लागली तरी लिहून ठेवा: ‘नाकात धूर नाही’. हीसुद्धा माहिती आहे.

घोट

पहिला घोट दोन मिलीचा, त्याचं मत नोंदवू नका. तो तोंडाला अल्कोहोलची ओळख करून देण्यापुरता आहे. त्यावर ‘जळजळीत’ असा शेरा मारून बाटली बाजूला ठेवणारे फार भेटतात. एक मिनिट थांबा.

दुसरा घोट तीन मिलीचा. जिभेवर पसरवा आणि चघळल्यासारखा आठ-दहा सेकंद फिरवा. केंटकीत याला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. पहिले तीन सेकंद गोडवा, मधल्या काळात धान्य आणि मसाला: राय हे धान्य जास्त असेल तर मिऱ्याचा झटका, गहू असेल तर मऊपणा. मग गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा.

धुराची खरी जागा ही. बाहेर जाणाऱ्या श्वासात, गिळल्यानंतर पाचव्या ते पंधराव्या सेकंदात. गोडवा ओसरतो आणि खाली निखारा दिसावा तसा धूर उघडा पडतो. हातात घड्याळ धरा आणि चव किती टिकते ते मोजा. दहा सेकंदांच्या आत संपली तर शेवट आखूड, तीस सेकंदांपर्यंत मध्यम, त्यापुढे लांब. अंदाजाने लिहू नका, अंदाज नेहमी दुप्पट होतो.

पाणी: धुराची किल्ली

पाणी घातलं की चव पातळ होते ही समजूत सोडा. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांच्या मिश्रणाचं संगणकावर प्रतिरूप बनवून पाहिलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉल पृष्ठभागाशी, हवेलगत राहतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोल त्याला वेढून आत ओढतं. म्हणजे तुम्ही जो धूर शोधताय तोच, ६० टक्क्यांच्या, पाणी न घातलेल्या ग्लासात खाली बुडालेला असतो. पाणी घातल्यावर तो वर येतो.

हिशेब सोपा आहे. ग्लासातले मिली गुणिले सध्याचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के, त्यातून ग्लासातले मिली वजा. १५ मिलीसाठी:

६० वरून ५० टक्क्यांवर: ३ मिली पाणी
६० वरून ४५ वर: ५ मिली
५५ वरून ५० वर: १.५ मिली
५५ वरून ४५ वर: ३.३ मिली
५० वरून ४५ वर: १.७ मिली

इथे एक चूक हमखास होते. दोन घोट झालेले असतात, ग्लासात १० मिली उरलेली असते, आणि पाणी मात्र १५ मिलीच्या हिशेबाने पडतं. उरलेल्या १० मिलीला ६० वरून ५० वर यायला २ मिली पुरतात. आधी उरलंय किती ते पाहा.

पाणी खोलीच्या तापमानाचं, बिनवासाचं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, बोअरचं जड असतं. फिल्टरचं चालेल. सगळं एकदम ओतू नका. आधी ५० टक्क्यांवर या, दोन मिनिटं थांबा, हुंगा, घोट घ्या, मग ४५ वर. थंड न करता गाळलेल्या बर्बनमध्ये पाणी पडल्यावर थोडं धुकं दिसतं. ती तेलकट द्रव्यं असतात, बाटली खराब नाही.

४५ च्या खाली जाऊन काही हाती लागत नाही. गोडवा आधी विरतो, धूर एकटा पडतो आणि चांगली बर्बनसुद्धा ओल्या कोळशासारखी लागते.

खरपूस की करपट

आता निवाडा. पुरणपोळीच्या कडेला पडलेला सोनेरी-काळा डाग खरपूस, पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध करपट. दोन्ही भाजणंच, पण पहिल्यात गोडी शाबूत असते.

खरपूस धूर गोडव्याला धरून येतो. कणीस, निखाऱ्यावरचं वांगं, कोळशाची धुरी दिलेलं भरीत, लवंग, काळा गूळ असे शब्द आपोआप सुचतात. धूर ओसरल्यावर तोंडाला पाणी सुटतं. पाणी घातल्यावर तो वाढतो आणि मऊ होतो.

करपट धूर गोडवा संपल्यावर एकटा येतो. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट बसतो, तोंड सुपारी खाल्ल्यासारखं कोरडं पडतं, आणि पाणी घातलं की आणखी उघडा होतो. पिंपात गरजेपेक्षा जास्त वर्षं राहिलेल्या, वरच्या मजल्यावरच्या बर्बनमध्ये हे घडतं. लाकडाचं टॅनिन वाढत जातं आणि गोडवा त्याला पुरा पडत नाही. म्हणून वयाचा मोठा आकडा पाहून हुरळू नका. कोऱ्या जळक्या पिंपात बर्बन झपाट्याने लाकूड ओढते, स्कॉचच्या वयाचे हिशेब इथे लागू नाहीत.

धुराशी गल्लत होणाऱ्या काही गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. घशातली आग म्हणजे धूर नव्हे, ती अल्कोहोलची. पाण्याने आग कमी होते, धूर राहतो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास बुचाचा दोष, अशी बाटली दुकानदाराला परत दाखवा. उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखा कच्चा वास म्हणजे बर्बन अजून लहान आहे. फटाक्याच्या दारूचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास गंधकाचा. जळक्या पिंपाचा कोळसा गंधक शोषून घेतो, तरीही तो राहिला असेल तर काम कुठेतरी कच्चं राहिलंय. पिंपाला याचं श्रेय देऊ नका.

जोडीला दुसरा ग्लास हवाच

एकट्या ग्लासाला ‘धुरकट’ म्हणणं सोपं. कशाच्या तुलनेत, हे सांगता आलं पाहिजे. त्याच घराण्यातली, पिंपं मिसळून बनवलेली नेहमीची बाटली शेजारी ठेवा. उदाहरणार्थ नऊ वर्षांची नॉब क्रीक ५० टक्क्यांची असते आणि तिची सिंगल बॅरल ६० टक्क्यांची. तशाच शेजारी ठेवल्या तर ६० वाली जिंकते, कारण ती जोरात बोलते. म्हणून सिंगल बॅरलच्या १५ मिलीत ३ मिली पाणी घाला, दोन्ही ५० वर आणा, आणि मग पाहा. आता जो फरक उरेल तो पिंपाचा. रसेल्स रिझर्व सिंगल बॅरल ५५ टक्क्यांची आहे. तिच्या शेजारी वाइल्ड टर्की १०१, म्हणजे ५०.५ टक्के, ठेवायची असेल तर १५ मिलीला साधारण १.३ मिली पाणी लागतं.

त्यानंतर त्रिकोणी चाचणी. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तीन सारख्या ग्लासांत ओतायला सांगा: दोन्हींपैकी एक बाटली दोन ग्लासांत, दुसरी एकात, खाली चिठ्ठी चिकटवून. वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. नशिबाने तिनात एकदा बरोबर येणारच, म्हणून वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा करा. वेगळा ग्लास सापडत नसेल तर तुम्ही लिहिलेला धूर लेबलावरून आला होता. हे जिव्हारी लागतं, पण त्यासारखा शिक्षक नाही.

नोंद

नोंदीचा नमुना असा असावा:

‘पिंप क्र. …, मजला …, ६० टक्के, बाटली उघडून ३ दिवस. नाक, बिनपाण्याची: व्हॅनिला, काळा गूळ, ताजा लाकडी भुसा, धूर नाही. ५० टक्के: लवंग पुढे, मागे भाजलेलं कणीस. घोट: पाक, मिरी, संत्र्याची साल. गिळल्यावर सहाव्या सेकंदाला धूर, कणसाचा, गोडी धरून. शेवट ३८ सेकंद, शेवटच्या दहात सुपारीची तुरटी. ४५ टक्के: धूर वाढला, तुरटी तेवढीच. खरपूस.’

यात ‘संतुलित’, ‘समृद्ध’, ‘दमदार’ असले शब्द नाहीत. ते सहा महिन्यांनी वाचून काहीच आठवत नाही. सेकंद आणि कणीस आठवतात.

गुण द्यायचेच असतील तर वीसपैकी द्या: नाकाला ६, घोटाला ६, शेवटाला ८. शेवटाला जास्त, कारण धुरकट बर्बनचा निकाल तिथेच लागतो. आणि हे गुण त्या पिंपाचे, ब्रँडचे नव्हेत. पुढच्या महिन्यात आणलेल्या बाटलीवर दुसरा नंबर असेल तर पाटी कोरी. त्याच नावाची बाटली ‘आता पूर्वीसारखी राहिली नाही’ ही तक्रार बऱ्याचदा पिंपाचा नंबर न पाहता केलेली असते.

बाटली आणि दुसऱ्या दिवशीचा ग्लास

नवी बाटली पहिल्या दिवशी आवळलेली वाटू शकते. पहिले दोन पेग काढून आठवडाभर थांबा, पुन्हा चाखा, मगच शिक्का मारा. बाटली उभी ठेवा, आडवी नको. इतकं कडक अल्कोहोल बुचाला खातं आणि बूच तुटून आत पडतं. उन्हापासून दूर, शक्यतो खोक्यातच. एक तृतीयांशाच्या खाली आली की आत हवा जास्त होते आणि आधी नाकातले हलके वास जातात. मग ती छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा किंवा दोन-तीन महिन्यांत संपवा. चकणा, फरसाण, मसाला शेंगदाणे हे सगळं चाखणं आटोपल्यावर. मधल्या वेळेत साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे.

चाखलेला ग्लास त्या रात्री धुऊ नका. तळाशी चार थेंब राहू द्या आणि तसाच झाकून ठेवा. रात्रीतून अल्कोहोल आणि हलके वास उडून जातात, जड द्रव्यं काचेला चिकटून राहतात. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, झाकण काढून हुंगा. कोरडी व्हॅनिला आणि विझलेल्या चुलीसारखा मंद धूर आला तर पिंप चांगलं भाजलेलं होतं. नुसता लाकडाचा भुसा आला तर आदल्या रात्री ज्याला धूर म्हणालात तो पुन्हा तपासायला हवा. काय आलं ते नोंदीखाली तारखेसह लिहा आणि मग ग्लास धुवायला टाका. साबण नको, गरम पाणी पुरे.